सावली धुणारीची चार पानं

"पुढे राजानं तिचं काय केलं, ते पुस्तकात बघून घ्यावं."

रावांनी माझी शेवटची ओळ वाचली आणि कागद मांडीवर ठेवले. टॉकीजच्या बाहेर भोंगा घेऊन ओरडणारा माणूस असतो, त्याच्या आवाजात वाचली. चौकाला लागून असलेल्या मधल्या दालनात चारजण बसले होते. चारीजण हसले. पुण्याच्या पाहुण्याला एवढं हसू आलं की त्याची कॉफी धोतरावर सांडली. ते धोतर संध्याकाळी माझ्याकडेच धुवायला आलं.

मी चौकात मोरीपाशी बसले होते. हाताला चिंच आणि राख. समोर पितळी भांड्यांचा ढीग.

राव पाहुण्याला समजावत होते. "आमच्याकडे टॉकीजमध्ये गाण्यांचं पुस्तक विकतात. मागच्या पानावर अर्धीच गोष्ट छापतात. खाली लिहितात, बाकीचं पडद्यावर बघा. आमच्या भांडीवालीनं तोच कित्ता गिरवलाय."

मग माझ्याकडे न बघता हाक मारली. "अगे, ये इकडं. खांबापाशी उभी राहा. पुढं नको."

मी उठले. खांबापाशी उभी राहिले. राखेचे हात अंगापासून लांब धरून.

"गाणी पण घातलीस की नाही? एक म्हणून दाखव पाहुण्यांना."

परत हसले. गल्लीतले दोघे म्हातारे तर डोळे पुसत होते. आणि मीही हसले. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. थोडंसं हसले. त्यांना वाटावं की मलाही ती गंमत कळते आहे.

पाहुणा धोतर झटकत म्हणाला, "पण बाई, शेवट काय? सारांशात शेवट सांगावा लागतो. शेवट झाकून ठेवला तर प्रकाशक पुस्तकाला हात लावत नाही."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात राव बोलले.

"तिला काय विचारता. मी सांगतो. ती धुणारी राजाचीच मुलगी निघते. तान्ही असताना दासीनं पळवलेली."

पाहुण्यानं मांडीवर थाप मारली. "हे जमलं. यात कादंबरी आहे. आणि रावसाहेब, नाव तुमचंच घाला. हिचं नाव बघून कोणी पाकीटसुद्धा फोडणार नाही."

"बघू," राव म्हणाले.

रावांचा 'बघू' मला माहीत होता. तो 'हो' असायचा.

"जा तू. भांडी वाळायला लागली."

मी गेले. वाळलेली राख पुन्हा ओली केली आणि घासायला बसले.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नवे पैसे नुकते सुरू झाले होते. तंजावूरला राजवाड्यामागे मराठी बोलणाऱ्या घरांची गल्ली आहे. रावांचे पूर्वज राजांच्या दप्तरात कारकून. आमचे पूर्वज त्याच राजांपुढे मशाल धरून चालणारे. राजे गेले. दप्तरवाल्यांची मुलं हेडमास्तर आणि वकील झाली. मशालवाल्यांच्या मुली त्यांची भांडी घासायला राहिल्या. राव शाळेतून निवृत्त झाले होते. बायको वारलेली. मुलगा मद्रासला नोकरीला, सून इथे सासऱ्याजवळ. तिला मी वहिनी म्हणायची.

मी आणि अम्मा रावांच्या परसातल्या खोलीत राहायचो. खोलीला एकच दार. ते त्यांच्या परसात उघडायचं. बाहेर जायचं तर परसातून बोळ, बोळातून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी, मग फाटक. कुठे चाललीस, हे त्या खिडकीतून विचारल्याशिवाय मी जन्मात बाहेर पडले नव्हते. भाडं नव्हतं. दोघींच्या कामात ते फिटायचं. बाप रंगूनला गेला तो आलाच नाही. अम्माचे गुडघे गेले तेव्हा मी तमिळ शाळेत पाचवीत होते. पाचवी झाली आणि मी अम्माच्या जागी मोरीवर बसले. कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

मी घासलेली भांडी आत नेताना घरातले त्यांच्यावर पाणी शिंपडायचे. म्हणजे माझ्या हाताचा विटाळ त्यावरून जायचा. माझ्या हातानं घासलेलं, पण माझा हात नको. हे रोज दोनदा व्हायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही, इतकी सवय.

गोष्ट मला धुण्याच्या दगडावर सुचली. परसात एक कडुनिंब होता. दुपारी त्याची सावली भिंतीपाशी पडायची, तिथे रावांची आरामखुर्ची. माझा दगड उन्हात. एकदा मी धुण्याची बादली सावलीत ओढली. खिडकीतून राव म्हणाले, "ती बसायची जागा आहे." खुर्ची रिकामी होती. राव आत होते. तरी सावली त्यांची होती.

मी बादली परत उन्हात आणली आणि धुता धुता विचार करत राहिले. सावली कोणाची तरी असते. असते तर ती मळत असणार. मळते तर ती कोणीतरी धूत असणार.

एवढ्यातून सगळं निघालं. एक नगरी, तिथे सूर्य मावळतच नाही. झाडं नाहीत. सावली कापडासारखी असते, पेट्यांमध्ये घडी करून ठेवतात, हातानं मोजतात. राजाकडे शंभर हात, सरदारांकडे दहा-दहा. धुणाऱ्या बायकांकडे काहीच नाही, त्या उन्हात बसून इतरांच्या सावल्या धुतात. माणूस सावलीत बसून जे करतो त्याचा डाग तिला पडतो. म्हणून धुणारीला सगळ्यांचं सगळं माहीत. माझी बाई राजाची सावली धुवायची. त्यात एक डाग होता तो जात नव्हता. तो कशाचा हे तिला कळतं, तिथून गोष्ट चालू होते. तिला हवी फक्त एक हात सावली. आंधळ्या आईला टेकायला.

वहिनी दुपारी मागच्या ओसरीवर तांदूळ निवडायला बसायची, मी खाली पायरीवर. मी गोष्ट सांगायची. ती सुपातला हात थांबवून "मग?" म्हणायची. तिनंच मला वह्या दिल्या. नवऱ्याच्या कॉलेजच्या, अर्ध्या कोऱ्या. "लिही गे, विसरशील," म्हणाली. मी दोन वर्षं दुपारी लिहिलं, राव झोपत तेवढा वेळ. मराठी गोष्ट, अक्षरं तमिळ. आम्ही घरात मराठी बोलायचो पण मराठीची बालबोध अक्षरं मला येत नव्हती. गल्लीत रावांसारख्या चार-दोन माणसांना यायची. बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या-चपाट्या अशाच, बोलणं मराठी आणि लिहिणं तमिळ. नऊ वह्या झाल्या, नववीची शेवटची पानं तेवढी बाकी.

मग पुण्याचा पाहुणा आला. त्याचं काम असं, की लिहिणाऱ्यांकडून पुस्तकं घ्यायची आणि प्रकाशकांच्या गळ्यात घालायची. राजवाड्यातल्या ग्रंथालयात जुन्या पोथ्या बघायला आला होता. रावांकडे तीन आठवडे उतरला. रावांनी वीस वर्षं खपून राजांचा इतिहास लिहिला होता, तो त्याला वाचून दाखवला. पाहुणा तिसऱ्या दिवशी जांभई देत म्हणाला, "रावसाहेब, इतिहासाचे गठ्ठे पडलेत आमच्याकडे. शिवाय तुमची मराठी फार जुनी. मौज वाटते ऐकायला, पण छापायची कशी? एखादी अद्भुत कादंबरी असती तर बोला. नगरी, राजे, चमत्कार. त्याला गिऱ्हाईक आहे."

राव दोन दिवस नीट जेवले नाहीत. हे मला ताटांवरून कळलं.

वहिनीनं वाढताना सांगितलं, आपल्या भांडीवालीची तसली गोष्ट आहे. पाहुणा म्हणाला, आधी चार पानांत सारांश द्या. त्यावर प्रकाशक ठरवतो पुढचं मागवायचं का. वहिनी परसात आली आणि मला म्हणाली, "कथासुरुक्कम् लिहून दे. चार पानं."

तिनं तमिळ शब्द वापरला, आणि मला वाटलं हे मला येतं. तसली मी अकरा वाचली होती. टॉकीजच्या गाण्यांच्या पुस्तकात मागे असतं तेच. सिनेमा मी दोनच पाहिले, पण पुस्तकं रस्त्यात पडलेली मिळायची. दुसरा कुठला सारांश मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात शेवट कधीच सांगत नाहीत. सांगितला तर तिकीट कोण काढणार? मला ते शहाणपणाचं वाटलं.

सहा दुपारी लागल्या. नऊ वह्या चार पानांत घालणं म्हणजे लुगडं पिळून मुठीत धरणं. मावतं, पण पाणी जातं. मी सरदारांची भांडणं काढली. सावली चोरणाऱ्या पाखरांचं अख्खं प्रकरण काढलं, ते माझं आवडतं होतं. धुणारी ठेवली, आई ठेवली, डाग ठेवला. राजा सैनिक पाठवतो तिथे थांबले आणि ती ओळ लिहिली. माझ्या मते ती सगळ्यात चांगली ओळ होती.

त्याच ओळीवर ते हसले.

दुसऱ्या दिवसापासून रावांनी ती चार पानं स्वतः नव्यानं लिहायला घेतली आणि मला दुपारी खांबापाशी बोलवायला सुरुवात केली. ते आत पाटावर बसायचे, पुढे दौत-टाक. माझ्या आठ वह्या त्यांच्याकडे गेल्या होत्या, वहिनीनं नेऊन दिल्या. वह्यांवर कोणी पाणी शिंपडलं नाही. नववी माझ्याकडे राहिली कारण तिची शेवटची पानं मी अजून लिहीत होते.

"बोल. राजाची सावली धुवायला येते, मग?"

मी सांगायची. ते बालबोधीत लिहायचे. सुरेख अक्षर. मी उभी, ते बसलेले. चार दिवस हे चाललं. मी सांगत होते, हेच मला आजही गिळवत नाही. कोणी माझा हात पिरगळला नव्हता. मी रोज हात धुऊन जाऊन माझी गोष्ट त्यांच्या हवाली करत होते. नाही म्हटलं तर खोली जाणार. खोली गेली तर अम्माला कुठे ठेवू? ती परसापर्यंत रांगत जायची. मी त्यांच्या मोरीवर, त्यांच्या खोलीत, त्यांच्या फाटकाच्या आत. गोष्ट तेवढी बाहेरची होती, ती मी स्वतःच आत आणून दिली होती.

ते लिहिताना बदलत होते. आईला काढलं. "आंधळी म्हातारी कशाला? रडगाणं होतं." डाग काढला. "राजाच्या सावलीला डाग? पुण्याच्या लोकांना वाटेल आपण आपल्याच राजांबद्दल बोलतोय." धुणारी सावळी होती, ती केतकीसारखी गोरी झाली. मी म्हणाले, ती उन्हात बसते. राव म्हणाले, "राजरक्त आहे, लपत नाही."

एकदाच धीर करून विचारलं. "राव, माझं नाव कुठं येतं?"

त्यांनी टाक टिपून घेतला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. समजुतीच्या स्वरात म्हणाले, "पुस्तकावर घराचं नाव लागतं. तू याच घरची ना? दिवाळीला तुला चांगलं लुगडं घेईन."

मी म्हणाले, "सरि." म्हणजे बरं. हेही माझ्याच तोंडून गेलं.

चौथ्या दिवशी ते शेवटाशी आले. नववी वही मागितली. मी म्हणाले, "शेवट तसा नाही. ती राजाची मुलगी नाही. ती धुणारीच आहे."

"आणि शेवटी?"

"शेवटीही."

राव हसले. त्या दिवशीसारखे नाही, अगदी मायेनं, शाळेतल्या ढ पोराकडे बघून हसावं तसे. "अगे वेडे, धुणारी शेवटी धुणारीच राहिली, तर तिची गोष्ट कशाला लिहायची?"

खांबाला धरून मी उभी होते. ते वाक्य मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बारा वर्षं मोरीवर बसले, तेव्हा कळलं नव्हतं. पाणी शिंपडताना कळलं नव्हतं. गाणं म्हण म्हणाले तेव्हाही नाही. या माणसाच्या लेखी मी गोष्टीत यायची, तर आधी मला त्यांच्यापैकी कोणीतरी व्हावं लागणार. माझ्या आईला काढावं लागणार. माझा रंग बदलावा लागणार. आहे तशी मी कशालाच पुरत नाही. माझ्याच गोष्टीतसुद्धा नाही.

"वही उद्या आण," राव म्हणाले. "पाहुणे उद्या जेवून निघतात."

मी वही आणली नाही. मी अम्माला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. पाहुण्याची वळकटी दारात बांधून ठेवलेली. मधल्या दालनात राव त्यांची चार पानं वाचून दाखवत होते. वहिनी विडे लावत होती. मी चौकात उष्टी ताटं गोळा करत होते. राव शेवटावर आले. राजानं मुलीच्या दंडावरची खूण ओळखली. पाहुणा "वा" म्हणाला.

मी ताटं खाली ठेवली. हात पदराला पुसले. खांब ओलांडला. त्या घरात पहिल्यांदा. फरशी गार होती, तेवढं आठवतं.

"ही गोष्ट माझी आहे," मी पाहुण्याला म्हणाले. "शेवट मी सांगते. तुम्ही विचारला होता."

"बाहेर हो," राव म्हणाले.

मी सांगत राहिले. सैनिक येतात. ती पळत नाही. त्या दिवशी नगरीचा सण असतो, सगळ्यांच्या सावल्या तिच्याकडे धुवायला आलेल्या. ती त्या धूत नाही. तशाच मळक्या, डागांसकट, भर बाजारात दोरीवर वाळत घालते. सगळे सगळ्यांचे डाग बघतात. खाली मोठी गार सावली पडते. धुणाऱ्या बायका तिच्यात बसतात, आपल्या आयांना आणून टेकवतात. शेवटी राजा येतो. उन्हानं भाजलेला, डोकं उघडं. विचारतो, मी कुठे बसू? ती सरकून जागा करते. म्हणते, बस. पण यापुढे तुझी सावली तू धुवायचीस.

मी थांबले. वहिनीच्या हातातलं पान तसंच होतं. ती मान वर करत नव्हती.

पाहुण्यानं रावांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, बोलता बरं. पण असा शेवट चालत नाही. लोकांना समाधान हवं असतं."

"ते तुमचं तुम्ही बघा. तो शेवट द्यायचा नसेल तर गोष्ट देऊ नका."

आठ वह्या रावांच्या पाटाजवळ होत्या. मी वाकून उचलल्या. राव उठले, हात पुढे केला, पण माझ्या हाताला हात लागेल म्हणून तो मधेच थांबला. मी ते बघितलं. ज्या विटाळानं मला बारा वर्षं खांबाच्या अलीकडे ठेवलं, त्यानंच तेवढ्यापुरतं त्यांना अडवलं. मी वह्या छातीशी धरून परसात आले.

मागून आवाज आला. "दिवेलागणीच्या आत खोली रिकामी कर. मशालवाल्याची जात. छपराखाली ठेवलं तर छपराला आग लावणारच."

अम्मा दारात बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "काय गे, काय बोललीस तू?" एवढंच म्हणाली. मी तिला पाठीवर घेतलं. कपड्यांचं आणि वह्यांचं गाठोडं डोक्यावर. बोळातून जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनी होती. कुठे चाललीस, असं पहिल्यांदाच कोणी विचारलं नाही.

ओरत्तनाडूच्या वाटेवर एका गावात कालव्याकाठी झोपडी मिळाली. मी भाताची लावणी करायला जाऊ लागले. गुडघाभर चिखल, पाठ वाकलेली, वर ऊन. तिथेही सावली शेताच्या मालकाची. मी सुटले असं कोणी समजू नये. मोरी गेली आणि चिखल आला.

वर्षभरानं तंजावूरच्या बाजारात वहिनी भेटली. तिनं मला बाजूला घेतलं. पुण्याहून पत्र आलं होतं. रावांची चार पानं प्रकाशकाला आवडली, अख्खं पुस्तक मागितलं. रावांना ते लिहिता येईना. तीन महिने बसून वीस पानं झाली.

"मामंजी म्हणतात, परत ये," वहिनी म्हणाली. "खोली तशीच आहे. वह्या घेऊन ये. पुस्तकात पहिल्या पानावर तुझे आभार मानतील. नावासकट."

"शेवट?"

"तो त्यांचाच. प्रकाशकानं तो बघूनच मागवलंय."

"वहिनी, तुम्हाला कुठला आवडला?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "मला विचारून काय गे. मी पण त्याच घरात राहते." आणि भाजीची पिशवी उचलून गेली.

कार्तिकाचा पाऊस लागला होता, आमच्याकडे तो तेव्हाच पडतो. झोपडीत ओल होती. अम्माला खोकला धरला होता, रात्रंदिवस. मी तिला वहिनीचं सांगितलं. अम्मा म्हणाली, "जा गे. शेवटाचं काय घेऊन बसलीस? कोरडी जमीन मिळेल."

मी गेले नाही.

अम्मा त्याच महिन्यात गेली. त्या खोलीत असती तर आणखी दोन-तीन पावसाळे निघाले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी ते झाकत नाही. माझ्या गोष्टीतली बाई आईसाठी एक हात सावली मिळवते. मी मिळवली नाही. मी शेवट ठेवला आणि आई घालवली. कोणाला हे निर्दयपणाचं वाटेल. वाटू दे. ज्यांनी मला त्या दोन्हींत निवडायला लावलं, त्यांना कोणी कधी निर्दय म्हटलेलं मी ऐकलं नाही.

नंतर मी रेल्वेच्या वसाहतीत धुणं-भांडी धरली. तिथे सोलापूरकडची एक बाई होती. तिच्या लहान मुलीच्या पाटीवर मी बालबोध अक्षरं शिकले. वय बत्तीस. पोरगी माझ्या चुका बोटानं पुसायची. नऊ वह्या मी त्या अक्षरांत पुन्हा लिहिल्या, म्हणजे उतरवून द्यायला कोणाच्या खांबापाशी उभं राहायला नको. मग चार पानं लिहिली. या वेळी पहिल्याच ओळीत शेवट घातला. धुणारी राजाला म्हणते, यापुढे तुझी सावली तू धुवायचीस. ज्याला हे पचत नाही त्यानं पुढची पानं उलटायची तसदी घेऊ नये.

पुण्याला पाठवली. मुंबईला पाठवली. काही परत आली, काही आली नाहीत. एकानं लिहिलं, नायिका मुळात उच्च कुळातली दाखवता येईल का. एकानं लिहिलं, भाषा शुद्ध करून घ्या. एकानं पाकिटावर माझ्या नावाआधीचं 'श्रीमती' खोडून 'श्रीमान' लिहिलं होतं. बाईनं पाठवलं असेल हे त्याला सुचलं नसावं.

ते पुस्तक आजपर्यंत छापलेलं नाही. मी मेल्यावर कोणी छापायला घेतलं, तर हे लिहून ठेवते. धुणारी गोरी करायची नाही. आईला काढायचं नाही. डाग काढायचा नाही. ती कोणाची हरवलेली मुलगी नाही, तिला सापडवायची नाही. आणि यातलं काही बदलल्याशिवाय छापता येत नसेल, तर छापायचं नाही. वह्या तशाच राहू द्यायच्या. मी एकदा खांबापाशी उभी राहून 'सरि' म्हणाले. पुन्हा म्हणणार नाही, मेल्यावरही नाही.

हे ज्या बाईवर गुदरलं ती मी आहे. रावांच्या घरची भांडीवाली, मशालवाल्याची नात, तमिळ शाळेत पाचवीपर्यंत शिकलेली.